बारदानाचे सात पडदे

म्युनिसिपल कमिटीच्या सभेपुढे विषय क्रमांक चार असा होता : ‘मिडल स्कूलमधील ड्रॉइंग मास्तरची जागा ठेवावी किंवा कसे.’ ड्रॉइंग मास्तर म्हणजे मी, रंगराव वायाळ. आपलंच मरण चर्चेला असताना माणसानं दाराशी बसून ऐकू नये, एवढं मला कळतं. पण देऊळगाव राजात त्या दिवशी दुसरी करमणूक नव्हती, म्हणून बसलो होतो.

विषय क्रमांक तीन मात्र संपेना. कमिटीनं नवा हॉल बांधला होता आणि फाल्गुनात डिप्टी कमिशनर साहेब तो उघडायला येणार होते. कमिटीचे प्रेसिडेंट हिंमतराव. दोन गावची शेती, भाषणाची आवड, आणि ऐकणारे हक्काचे. हॉलचा गिलावा हिंमतरावांच्या साडूनं केला होता. साडू गुणी माणूस. त्याचा गिलावा भिंतीला चिकटून राहण्याचा अट्टहास करत नसे. हॉल पुरा होऊन महिना झाला नव्हता, तोच भिंतींवर कुठे ओल, कुठे पोपडे, कुठे उघडी वीट दिसू लागली होती. साडूला पुन्हा बोलवावं असं कोणी सुचवलं नाही, कारण सगळ्यांना गावातच राहायचं होतं.

कापडाचे पडदे लावून भिंती झाकाव्यात असं ठरलं. मग कोणीतरी आठवण दिली की कापड आहे कुठे? लढाईचे दिवस, कापडावर कंट्रोल, एका धोतरजोडीसाठी माणूस सकाळपासून रांगेत उभा. सभा गप्प झाली. त्या शांततेत एक माणूस बोलला, आणि तो मी निघालो याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

मी म्हणालो, “बारदानाचे करू.”

कापसाच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी ज्या जाड तागाच्या कापडात गुंडाळतात, ते बारदान. नक्षी काढली, रंगवलं, दोरे उपसून मधे जाळी केली, तर बारदानसुद्धा देखणं दिसतं, असं मी सांगितलं. हिंमतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कोपऱ्यातली खुर्चीच बोलली. मग म्हणाले, “करा मास्तर. पडदे जमले तं विषय चारचं पाहू.”

म्हणजे माझी नोकरी गोणपाटाला टांगली गेली. मी अभिमानानं घरी आलो.

बायकोला, वच्छलेला, मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शिवीन कोन?” कलेच्या बाबतीत बायका फार व्यवहारी असतात. शिवणार तीच होती. तिच्यासारखा टाका आमच्या आळीत कोणाचा नव्हता, आणि माझ्यासारखा तर कोणाचाच नसावा.

प्रेसचा मॅनेजर बारदान द्यायला तयार होता. फक्त सप्लाय ऑफिसचा, म्हणजे कंट्रोलच्या कचेरीचा, परवाना आणा म्हणाला, कारण वाळूच्या पोत्यांसाठी लष्कराला ताग लागत होता. सप्लायचे कारकून शालिग्राम. सज्जन, भित्रे, आणि हस्ताक्षर मोत्यासारखं. त्यांनी मला बसायला दिलं आणि विचारलं की बारदान हे कापड आहे की पॅकिंग. कापड असेल तर अर्ज या टेबलाशी. पॅकिंग असेल तर त्या टेबलाशी, पण तिथे अर्जदार व्यापारी पाहिजे. त्या टेबलाशीही शालिग्रामच बसत. मी मधे उभा राहून म्हणालो की ते कापड आहे. शालिग्रामना बरं वाटलं. त्यांना उठावं लागलं नाही.

मग कापडाचा छापील फॉर्म निघाला. त्यात कारणाचे तीनच रकाने : लग्नकार्य, मयत, सरकारी काम. सरकारी कामाला बुलढाण्याहून पत्र लागतं आणि ते यायला तीन महिने लागतात. मयतीला कोतवालाचा दाखला लागतो. शालिग्रामनी माझ्याकडे जरा आशेनं पाहिलं, पण मी त्या बाबतीत मदत करू शकत नव्हतो.

“मंग लग्न लिहू काय?” ते म्हणाले. “लग्नाले काहीच लागत नाई.”

मी म्हणालो, लिहा. माझ्या डोळ्यांपुढे कपाशीचं बोंड होतं, ते कुठल्या रंगात काढावं याचा मी विचार करत होतो. मोत्यासारख्या अक्षरात ‘अर्जदार : रंगराव वायाळ. कारण : लग्नकार्य’ असं लिहिलं गेलं, आणि त्याखाली मी माझ्या उत्तम वळणाची सही केली. सहीच्या खाली एक रेघसुद्धा ओढली. चित्रकलेचा माणूस.

बारदान घरी आलं. हॉलमध्ये खिडक्यांच्या मधल्या जागा सात, म्हणून पडदे सात. प्रत्येक दहा फूट लांब, चार फूट रुंद. मी पंधरा दिवस कागदावर नक्षी करत होतो. पहिल्यावर कपाशीचं बोंड, दुसऱ्यावर ज्वारीचं कणीस, तिसऱ्यावर करडईचं फूल, असं करत सातव्यावर उगवता सूर्य. सूर्याच्या जागी आपला चेहरा आला तर कसं, असं हिंमतरावांनी एकदा सुचवलं. बारदानाचा पोत चेहऱ्याला सोसत नाही, असं मी म्हणालो. तेव्हा त्यांनी आपल्या गालावरून हात फिरवला आणि विषय सोडला.

आडवे दोरे एकेक उपसायचे, उभे दोरे जुड्या करून बांधायचे, की मधे जाळी पडते आणि बाजूनं उजेड पडला की ती झळकते. नक्षीची कड वच्छला सुतळीनं उठवायची. वरखाली ताणायला गाठींच्या लोखंडी पट्ट्या ठोकून सरळ केल्या होत्या. पिवळा रंग पळसाच्या फुलांचा. आमच्या अंगणात चुलीवर पातेलं चढलं आणि त्या वासावर सगळी आळी गोळा झाली.

शेजारी पुंजाजी माळी. त्यांचा वांग्या-मेथीचा मळा. ते रोज संध्याकाळी येऊन उकिडवे बसत आणि कलेवर मत देत. बोंड त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग म्हणाले, “बोंड नाई वाटत मास्तर, वांगं वाटते. पर वांगं झ्याक जमलं.” त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, एवढं चांगलं बारदान भिंतीला लावण्यापेक्षा त्याच्या खाली अंथरायच्या वाकळा करा असा सल्ला दिला. दुसऱ्या एका शहाण्यानं सांगितलं की साहेबलोकांना हिरवा रंग आवडतो. तिसऱ्यानं सांगितलं की अजिबात आवडत नाही. दोघांनीही साहेब पाहिलेला नव्हता.

लाल रंग गावात मिळेना, म्हणून मी जालन्याला गेलो. जालना निजामाच्या मुलखात. येताना वाटेवर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. तिथल्या जमादारानं पुडी उघडून विचारलं की ही पूड कसली. मी म्हणालो, रंग. त्याला माझ्या चेहऱ्यावर रंगारी दिसला नसावा. त्यानं खात्रीसाठी बोट ओलं करून पुडीत घातलं आणि मग, विचार करताना सवयीनं, तेच बोट मिशीवरून फिरवलं. पांढरी मिशी एका बाजूनं गुलाबी झाली. नाक्यावरचे शिपाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला तिथे अर्धा दिवस बसवून ठेवलं, आणि रंग पक्का आहे की धुतल्यावर जातो हे पाहूनच सोडलं. रंग पक्का होता. निदान खरेदीत मी फसलो नव्हतो.

मी परत आलो तेव्हा ज्वारीचं कणीस गेलं होतं. वच्छलेनं रंगवलेला पडदा कुडावर वाळत घातला होता. प्रेसच्या बारदानात सरकीचे कण अडकलेले असतात आणि त्याला सरकीचा वास येतो, हे मला माहीत नव्हतं. पुंजाजींच्या म्हशीला माहीत होतं. तिनं कणसापासून सुरुवात करून खालचा तीन फूट पडदा फस्त केला होता. पुंजाजींना वाईट वाटलं. पण ते पुन्हा पुन्हा असंही म्हणत राहिले की वांग्याच्या पडद्याला तिनं तोंड लावलं नाही आणि कणीस बरोबर ओळखलं, तेव्हा चित्र तुमचं चांगलंच असलं पाहिजे. माझ्या कलेला गावात मिळालेली ही पहिली दाद.

इथपर्यंत जे झालं ते सोसण्यासारखं होतं.

समारंभाला आठ दिवस उरले होते. शाळेतून घरी आलो तर ओट्यावर मंजुळाबाई बसल्या होत्या आणि मला पाहताच त्यांनी पदर तोंडावर घेतला. आत चूल थंड. खुंटीवरचं वच्छलेचं धुवट लुगडं नाही, तिची पिशवी नाही. मी मंजुळाबाईंना विचारलं. त्यांनी आधी काहीच माहीत नसल्याचं सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. त्यांची नणंद सप्लायच्या ऑफिसात रांगेत उभी होती. शालिग्रामनी लग्नाच्या परवान्यांची यादी दाराला चिकटवली होती, कोणीतरी ती वाचून दाखवत होतं, आणि त्यात माझं नाव होतं.

आमच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. अशा माणसाचं नाव लग्नाच्या यादीत दिसलं तर गाव काय समजेल, हे कळायला चित्रकला लागत नाही. दुपारपर्यंत नवरी कुठली तेही ठरलं होतं. काहींच्या मते संग्रामपूरकडची, काहींच्या मते विधवा. एकानं तिला पाहिलीही होती. वच्छला दुपारच्या मोटारीनं दुसरबीडला भावाकडे गेली होती.

मी शालिग्रामकडे गेलो आणि म्हणालो की यादीतून नाव काढा. ते घाबरले. यादी वर गेली होती. शिवाय कारण खोटं होतं असं लिहिलं तर त्यांच्यावर आणि माझ्यावर खटला होईल. त्यापेक्षा खरोखरच एखादं लग्न होण्यासारखं असेल तर बघा, असं ते फार दबक्या आवाजात म्हणाले. हिंमतरावांकडे गेलो तर त्यांनी अभिनंदन केलं आणि पडदे वेळेवर पाहिजेत असं बजावलं.

दोन दिवस मी मानानं वागलो. खोटं काही केलं नाही, तर आपण कशाला जायचं, असं स्वतःला सांगितलं. कच्ची भाकरी खाल्ली. करडईचं फूल स्वतः शिवायला घेतलं. तिसऱ्या दिवशी ते फूल मी उजेडात धरून पाहिलं, गुंडाळून काखेत मारलं आणि दुसरबीडची मोटार गाठली. पेट्रोल मिळत नसल्यानं ती मोटार कोळशावर चाले. चढ आला की आम्ही उतरून तिच्याबरोबर चालत असू. काही चढांवर आम्ही पुढे असू.

वच्छलेचा भाऊ भगवानराव अंगणात खाटेवर बसला होता. त्यानं मला ‘या दाजी’ म्हटलं नाही. पाणी आलं, पण परक्याला देतात तसं. मी फार तयारी करून आलो होतो. फॉर्मचे तीन रकाने, कापड आणि पॅकिंग, सगळं ओळीनं सांगितलं. भगवानरावानं ऐकलं आणि विचारलं, “पन सही कोनाची हाय?”

मी काखेतलं बारदान अंगणात पसरलं आणि म्हणालो, परवान्यावर हे मिळालं. कोणती नवरी गोणपाट नेसून बोहल्यावर उभी राहील? भगवानरावानं वाकून बारदान चाचपलं, वास घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. एवढ्यानं भागलं असं मला वाटलं. तेव्हा वच्छला दारातून बाहेर आली.

“मले माहीत होतं ते,” ती म्हणाली. “बारदान मीच तं शिवून राह्यली होती. तुमी दुसरी करून राह्यले असं मले एक घडी वाटलं नाई.”

“मग गेलीस काऊन?”

ती करडईच्या फुलाकडे पाहत म्हणाली, “दहा वर्सं लोक तुमाले सांगून राह्यले, दुसरी करा. तुमी हसून सोडून देत होते. मी त्या हसन्यावर जगली. या खेपेला तुमी सही केली. पाह्यलंही नाई कशावर करून राह्यलो ते. गावानं ते मले वाचून दाखवलं.”

मी शिकलेला माणूस. तासभर बोलू शकतो. त्या अंगणात मात्र एकच शब्द निघाला. ‘चुकलं’ म्हणालो, तेही भगवानरावाकडे पाहून, कारण तिच्याकडे पाहवत नव्हतं.

ती खाली बसली. मला वाटलं रडेल. पण तिनं पडद्याची कड हातात घेतली, मी घातलेले टाके जवळून पाहिले, आणि तिचा चेहरा खरोखर दुःखी झाला. माझ्या सहीनं झाला होता त्याहून जास्त. तिनं दातांनी सुतळी तोडली आणि एकेक टाका उसवायला सुरुवात केली. सगळं उसवून झाल्यावर म्हणाली, “मी पडद्यायसाठी येऊन राह्यली. तुमच्यासाठी नाई.”

मी म्हटलं, ठीक आहे. कलावंताला एवढं पुरतं.

समारंभाच्या दिवशी सकाळी सातही पडदे हॉलमध्ये लागले. ज्वारीचं कणीस खालून नव्यानं जोडलं होतं. खिडक्यांतून उजेड आला, जाळ्या झळकल्या, आणि साडूच्या गिलाव्याचा मागमूस राहिला नाही. मी स्वतःच दारात थबकलो. खरं सांगायचं तर ते सुंदर होतं. आपलं काम सुंदर आहे असं म्हणायला जिवावर येतं, पण गावात दुसरं कोणी म्हणणार नव्हतं.

साहेब आले. हिंमतरावांचं भाषण झालं. त्यात पडद्यांची कल्पना हिंमतरावांना पहाटे कशी सुचली ते सविस्तर आलं. साहेब उठून एकेका पडद्यापाशी गेले, हात लावून पाहिला, ताग ओळखला, आणि हिंदीत विचारलं की लष्कराला ताग पुरत नसताना इथे इतका कुठून आला. हिंमतराव म्हणाले, सगळं कायद्यानं आहे, साहेब. आणि आपला कारभार किती चोख आहे ते दाखवायला त्यांनी शालिग्रामना फाइल आणायला सांगितली. शालिग्राम फाइल घेऊन आले.

साहेबांना मराठी वाचता येत होतं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि रंगराव वायाळ कोण असं विचारलं. मी पुढे झालो. “तुमचे लग्न?” साहेब म्हणाले. “केव्हा?”

खोटं बोललो तर खटला, खरं बोललो तर खटला आणि शालिग्रामची नोकरी. हिंमतराव छताकडे पाहू लागले होते. पडद्यांची कल्पना आता त्यांची राहिली नव्हती. विषय क्रमांक चार कसा सुटणार ते मला स्पष्ट दिसलं. मी घसा साफ केला, खरं सांगायला तोंड उघडलं, आणि बायकांच्या बाजूला गडबड झाली.

वच्छला उठली होती. टाके टिकतात की नाही ते पाहायला आली होती म्हणे. धुवट लुगड्याचा पदर तिनं कपाळापर्यंत ओढला, सगळ्या सभेसमोरून चालत आली आणि माझ्या डावीकडे खाली मान घालून उभी राहिली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कानाजवळचे दोन-चार पांढरे केस पदरात लपले नव्हते. “ही नवरी?” साहेबांनी विचारलं. “लग्न कधी झाले, बाई?”

वच्छला म्हणाली, “कागदावर गेल्या महिन्यात झालं, साहेब. त्याच्या आधीचं होतं, ते कोनी लिहून नोतं ठेवलं.”

 साहेबांनी तिच्याकडे, माझ्याकडे, मग त्या सात पडद्यांकडे पाहिलं. परवान्यावर ‘पाहिले’ असं लिहिलं, सही केली आणि फाइल शालिग्रामच्या हातात दिली. जाताना त्यांनी वच्छलेला नमस्कार केला. मला केला नाही.

विषय क्रमांक चार पुढच्या सभेत आला. जागा ठेवावी असं ठरलं, मात्र ड्रॉइंग मास्तरनं शाळा सुटल्यावर सप्लायच्या ऑफिसात जाऊन बारदान हे कापड आहे की पॅकिंग यावर अभिप्राय द्यावा, असंही ठरलं. कलेची कदर अशी होते. पडदे जिल्ह्याच्या कुठल्याशा प्रदर्शनासाठी म्हणून गेले आणि तिकडचेच झाले. हॉलची भिंत पुन्हा दिसू लागली. हिंमतरावांनी साडूला बोलावलं, तेव्हा त्यानं आणखी थोडा गिलावा केला.

बारदानाचा दोन हात तुकडा घरी उरला होता. एका सकाळी शाळेत जायला निघालो, तर वच्छला तो जमिनीवर पसरून बसली होती. तिनं माझ्याकडे पेन्सिल मागितली. कशाला, असं विचारावंसं वाटलं, पण सही करताना जे विचारायला हवं होतं ते मी विचारलं नव्हतं, आता पेन्सिलीवर विचारायचा हक्क उरला नव्हता, म्हणून मुकाट्यानं दिली. तिनं एक लांब वळणाची रेघ ओढली. ना पट्टी, ना मोजमाप. मी तेवीस वर्षं पोरांना ती रेघ शिकवतोय, अजून एकाला आली नाही.

“तिथे जरा डावीकडून घेतलीस तर,” मी म्हणालो.

“शाळेची वेळ झाली,” ती मान वर न करता म्हणाली.

मी चपला घातल्या आणि निघालो.